खाऊच्या गप्पा : पुटीन खायचं तर सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात लेकीकडे टोरांटोला चाललोय, मी आणि हे. ती म्हणते आई इथे प्रत्येक फास्ट फूडवाल्याकडे वेगळं पुटीन मिळतं, आपण सगळे प्रकार ट्राय करू. पण मी अंधेरीच्या एका कॅफेत पुटीन खाल्लंय, गारढोण फ्राईज आणि त्यावर मेयो आणि पिवळं चीज, मला काहीच विशेष वाटलं नाही. हे तर पूर्ण व्हेज आहेत. एवढे प्रकार खाण्यासारखं त्यात खरंच काही आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आहे, नक्की आहे, फक्त तुम्ही अंधेरीत खाल्लंत ते पुटीन नव्हतं हो. पुटीनमध्ये तीनच गोष्टी, गरम फ्राईज, चीज कर्ड्स आणि वरून उकळती ब्राऊन ग्रेव्ही, मेयोचा काही संबंधच नाही. हा प्रकार कॅनडाच्या क्युबेक प्रांतातला, १९५०च्या दशकातला, तिथली वॉरविक आणि ड्रमंडव्हिल ही दोन्ही गावं पुटीन आमचंच म्हणून सांगतात, आणि दोन्ही चीजच्या डेऱ्या असलेल्या पट्ट्यातली, म्हणून ताजे कर्ड्स त्यांच्या हाताशी होते. हे कर्ड्स म्हणजे चेडर साच्यात दाबायच्या आधीचे त्याचे तुकडे. ताजे असले की दाताखाली चुंईचुंई वाजतात, ओल्या लादीवर रबरी चप्पल घासावी ना तसा आवाज, आणि तो दिवसा-दोन दिवसांत जातो, म्हणून कर्ड्स कधीचे आहेत हे खाताखाताच कळतं.

आता माझं ऐका, पहिलं पुटीन साधंच खा. मी माँट्रियलला भावाकडे गेले होते तेव्हा पहिल्याच दिवशी मॉलच्या फूड कोर्टात बटर चिकन पुटीन घेतलं, आपल्या ओळखीचं म्हणून, आणि झालं काय तर मखनी ग्रेव्हीत बटाटे खाल्ल्यासारखं वाटलं, कर्ड्स कुठे गेले पत्ताच नाही, माझा पुटीनबद्दलचा उत्साह तिथेच संपला होता. मग तिसऱ्या दिवशी भाऊ मला ला बांकीझला घेऊन गेला, रशेल स्ट्रीटवरचं १९६८ पासूनचं हॉटेल, तिथे तीसेक प्रकारची पुटीन आहेत, पण त्याने मला साधंच मागवायला लावलं. ग्रेव्ही मिरीची, जराशी आंबटसर, फ्राईज वरून भिजलेल्या आणि खालून अजून कुरकुरीत, कर्ड्स कडेने मऊ झालेले पण आत अख्खे. मला थेट मिसळ आठवली. कट ओतल्यावर फरसाण मऊ पडायच्या आधीची जी दोन-चार मिनिटं असतात ना, सगळी मजा त्यातच असते, इथेही अगदी तेच, त्यामुळे टेबलावर आलं की फोटो नंतर, आधी खायचं.

एकदा साधं जिभेवर बसलं की मग प्रकार करा, कारण मग प्रत्येकाने काय बदललंय ते कळतं. फास्ट फूडमध्ये मॅकडोनाल्ड्सने २०१३ मध्ये ते कॅनडाभर आणलं, हार्वीज, ए अँड डब्ल्यू, न्यूयॉर्क फ्राईज यांच्याकडेही असतं, आणि लेक आहेच तर एकाच आठवड्यात दोन-तीन ठिकाणचं साधं पुटीन खाऊन बघा, फ्राय जाड की बारीक आणि ग्रेव्ही खारट की मिरीची, एवढ्यानेसुद्धा चव केवढी बदलते! पुढे गालवोद म्हणून एक आहे, चिकन आणि हिरवे मटार घातलेलं, ते मला फार आवडलं, मटाराचा गोडवा ग्रेव्हीला छान लागतो. इटालियन म्हणजे ब्राऊन ग्रेव्हीऐवजी स्पॅगेटीवर घालतात तो टोमॅटो-खिम्याचा सॉस, तो मला जड झाला. आणि स्मोक्ड मीट पुटीन लिहिलेलं असेल तर ते बीफ असतं, खात नसाल तर लक्षात ठेवा.

तुमच्या ह्यांच्यासाठी महत्त्वाचं : वरून चिकन-मटण काही दिसत नसलं तरी साध्या पुटीनची ग्रेव्हीसुद्धा बऱ्याचदा चिकनच्या नाहीतर बीफच्या स्टॉकमध्ये केलेली असते. मेनूत फोटो बघून घेऊ नका, काउंटरवर विचारा. काही ठिकाणी व्हेज ग्रेव्ही वेगळी असते पण ती मागावी लागते. आणि ते अगदी काटेकोर असतील तर चीजमधलं रेनेट, म्हणजे चीज करताना दूध थिजवायला घालतात ते, कशाचं आहे तेही विचारा, ते प्राण्याचंही असू शकतं.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फेस्टला माटुंग्यात स्टॉल लावतोय, शेजवान पुटीन आणि वडापाव पुटीन असे दोन प्रकार करायचेत. कर्ड्स कुठे मिळत नाहीयेत, पनीर चालेल का? (एक विद्यार्थी, सायन)

उत्तर : पनीर नको रे. पनीर आपण लिंबू नाहीतर व्हिनेगर घालून फाडतो, ते गरम ग्रेव्हीत मऊही होत नाही आणि ताणलंही जात नाही. चीज स्लाइस तर अजिबातच नको, ती वितळून ग्रेव्हीतच मिसळते, मग दाताखाली काही येतच नाही. मोझरेलाचा ब्लॉक आण, किसलेलं पाकीट नाही, ब्लॉकच, आणि हाताने बोराएवढे तुकडे तोडून तासभर बाहेर ठेव म्हणजे फ्रिजचा गारवा जाईल. कर्ड्सचा आवाज येणार नाही पण घास बराच जवळ जातो.

ग्रेव्हीला २ चमचे बटरवर २ चमचे मैदा चांगला बदामी होईपर्यंत भाज, घाई करू नकोस, रंग आणि चव तिथेच येते, मग कांदा-मशरूम उकळून गाळलेलं २ कप पाणी थोडं थोडं घालत ढवळ, शेवटी सोया सॉस, भरपूर मिरपूड आणि व्हिनेगरचे थेंब. बटाटा नवा घेऊ नकोस, त्यात पाणी जास्त असतं, भाजीवाल्याला चिप्सचा बटाटा दे म्हण आणि दोनदा तळ, आधी मंद आचेवर शिजेपर्यंत, मग गिऱ्हाईक आल्यावर कडक तेलात.

वडापावची आयडिया मला मनापासून आवडली कारण सुकी लसणाची चटणी सुकीच असते, वरून भुरभुरली तर फ्राईज भिजत नाहीत आणि ग्रेव्हीला झणका येतो, सोबत तळलेली मिरची दे. शेजवान मात्र सोड असं मी म्हणेन, तो सॉस एवढा तिखट-आंबट असतो की एवढी खपून केलेली ग्रेव्ही कुणाला लागणारच नाही.

प्रश्न : पुटीन घरी डिलिव्हरीने मागवलं तर चालतं का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ग्रेव्ही वेगळ्या डब्यात देत असतील तरच मागवा, नाहीतर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात त्याचा लगदा होतो. घरी आलं की फ्राईज ओव्हनमध्ये नाहीतर कोरड्या तव्यावर कडक करून घ्या, ग्रेव्ही खळखळून उकळा, आणि कुणी तिकडून येताना खरे कर्ड्स आणलेच असतील तर खायच्या आधी मायक्रोवेव्हमध्ये फक्त ५-१० सेकंद ठेवा, थोडासा आवाज परत येतो.