व्हिजिटर व्हिसावर जर्मनीत जाऊन नोकरी? भावाला आधी थांबवा

ताई, तुमच्या भावाला जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. 'शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिजिटर व्हिसा) जर्मनीत उतर, नोकरी लागली की तिथेच वर्क परमिट करून देतो' असं सांगून तो चार लाख मागतोय, पण भारतीय पासपोर्टवर ही वाटच नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. मुलाखतीला जाता येतं, नोकरी करता येत नाही. ऑफर मिळाली तरी डी व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, भारतात परतूनच अर्ज करावा लागतो. अमेरिका, जपान अशा मोजक्या देशांच्या लोकांना तिथे पोचल्यावर परवाना काढता येतो. एजंट बहुतेक त्यांचेच दाखले देत असेल.

भाऊ मेकॅनिकलचा बी.ई. आहे ना? मग सरळ ईयू ब्लू कार्डच्या, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्याच्या, मागे लागा. आज रात्रीच अ‍ॅनाबिन उघडा, परदेशी पदव्यांचा जर्मनीचा अधिकृत डेटाबेस आहे, फुकट. त्यात कॉलेज नाही, पदवी देणारं विद्यापीठ शोधा. समोर 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त विद्यापीठ) हवं आणि त्याची पदवी जर्मन पदवीच्या तोडीची म्हणून नोंदलेली हवी. दोन्ही पानांचे प्रिंटआउट फाइलला लावा. नोंद सापडली नाही तर झेडएबीकडून (परदेशी पदव्या तपासणारं जर्मनीचं सरकारी कार्यालय) पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचं, फी २०८ युरो. हे नोकरी शोधण्याआधीच उरका. ऑफर हातात असताना कागद अडला, तर कंपनी किती दिवस थांबणार?

मग पगार. २०२५ साली किमान वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती, इंजिनिअरिंगसारख्या तुटवड्याच्या क्षेत्रांत ४३,७५९.८०. दर जानेवारीत आकडा बदलतो, अर्जाच्या वर्षाचाच बघा. करारात कर कापण्याआधीचा जो पक्का पगार लिहिलाय तोच धरतात. 'कामगिरीनुसार बोनस' त्यात मोजत नाहीत, आणि कित्येकांचं गणित नेमकं इथेच फसतं.

ऑफर नसताना तिथे जाऊन शोधायचंच असेल, तर जून २०२४ पासून शान्सनकार्टे हा नोकरी शोधण्यासाठीचा परवाना आहे. वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तास पार्टटाइमही चालतं. त्यासाठी २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे खर्चाची तरतूद दाखवावी लागत होती. ब्लॉक्ड अकाउंट (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) काढलं तर ते पैसे भावाच्याच नावावर राहतात.

भावजयीचं विचारलंत. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही आणि तिथे तिला कुठलीही नोकरी करता येते.

विद्यापीठाचं नाव आणि पदवीचं साल इथे लिहा, अ‍ॅनाबिनमधली नोंद मी शोधून देतो.