गुळाच्या गोदामातली माडी

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या जुन्या गोदामाची माडी राहायला घेतलीस, वाचून फार आनंद झाला. तू तिला लॉफ्ट म्हणतेस. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरात डबे ठेवायचा कप्पा, म्हणून मी माडीच म्हणतो.

ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवली. तुझ्या माडीवर गुळाच्या ढेपी असायच्या. गूळ पावसाळी हवेतली ओल ओढतो आणि पाझरायला लागतो. भिंतीत वर ते झरोके आहेत ना, ते हवा खेळती राहावी म्हणून. एसी बसवताना तेच बुजवायला सांगतील. बुजवू नकोस.

गिलाव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल शोषते आणि उन्हाळ्यात हळूहळू बाहेर सोडते. जुन्या घराच्या माझ्या पहिल्याच कामात मी अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. दिसायला गुळगुळीत झाली, मालक खूश. पण ओल आत कोंडली आणि दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. ते खरवडताना दगडांच्या सांध्यांमधला चुनाही भुसभुशीत होऊन हातात आला. ते घर आठवलं की अजून वाईट वाटतं. तू चुन्याचाच गिलावा कर. चुना नीट विरवून, मुरवून घ्यावा लागतो, वेळ जातो, चुन्यातलं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो. तरीही. वरून ऑइल पेंटही नको, चुन्याचीच सफेदी दे.

मग तुळया. मधोमध ठणठणीत दिसतात, पण कुजतात त्या भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथे पेचकस टोचून बघायचा. सहज आत गेला तर सुतार बोलवायचा. आणि माडीवर पाण्याची टाकी ठेवायचा विचार सोड. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, तेही रात्रंदिवस एकाच जागी. गुळाचं ओझं पेललेली माडी आहे हे खरं, पण तेव्हा लाकूड तरुण होतं.

कौलं मे महिन्यातच शाकारून घे. जूनमध्ये माणूस मिळत नाही. गोदामाचा राहण्यासाठी वापरबदल महापालिकेत मंजूर झालाय का, तो कागद स्वतः डोळ्यांनी बघ, मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस. फळ्यांच्या फटींत गूळ मुरलेला असेल, तर पावसात मुंग्या येतील. कोमट पाण्यानं घासून फळ्या उन्हात सुकव. फरशी घालून ते लाकूड झाकू नकोस.

रविवारी सकाळी शिडी घेऊन येतो, तुळयांची टोकं दोघं मिळून बघू. तोवर सिमेंटची पोती आली असतील तर परत पाठव.

तुझा,
काका