व्हीएलसी उघडत नसेल तर आधी हे करा

तुम्ही व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रामच्या आयकॉनवर पुन्हा पुन्हा डबल-क्लिक करताय आणि काहीच दिसत नाही, म्हणून लगेच विंडोज नव्याने टाकायला जाऊ नका. दुकानदार तेच सुचवेल, पण बहुतेक वेळा त्याची अजिबात गरज नसते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात व्हीएलसीचं नाव दिसतंय का बघा. व्हिडिओ बंद केला तरी प्रोग्राम कधीकधी मागे अडकून राहतो. त्यात ‘एकाच वेळी एकच खिडकी’ ही सेटिंग चालू असेल, तर तुमचा प्रत्येक नवा क्लिक त्या अडकलेल्या प्रोग्रामकडेच जातो. त्यावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा आणि परत उघडून बघा.

तरीही नाही? मग सेटिंगची फाइल बिघडली असण्याची शक्यता मोठी. स्टार्ट मेनूत व्हिडिओलॅनच्या (व्हीएलसी बनवणारी संस्था) फोल्डरमध्ये प्रेफरन्सेस (सेटिंग्ज) आणि कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स) रीसेट करायचा शॉर्टकट असतो, तो चालवा. तुमचे व्हिडिओ जागेवरच राहतात, घाबरू नका. फक्त तुम्ही बदललेल्या सेटिंग्ज मूळपदावर येतात.

एवढ्यानेही उघडत नसेल, तर व्हीएलसी काढून परत टाका. पण नुसतं काढून परत टाकलं तर अनेकदा जुनीच सेटिंग तशीच राहते आणि दुखणंही. म्हणून अनइन्स्टॉल करताना प्रेफरन्सेस पुसायच्या पर्यायावर खूण करा.

आणि एक कळकळीची विनंती: नवी प्रत व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. व्हीएलसी पूर्णपणे मोफत आहे. कुणी पैसे किंवा कार्डाचा नंबर मागितला, तर तिथून ताबडतोब बाहेर पडा.