तोललंस काय?

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझ्या संयुगाचा चुंबकीय आलेख काल रात्री दोनदा पाहिला. रेणूत दोन तांबे आणि एक गॅडोलिनियम: खोलीच्या तापमानाला काय-टी (एका मोलची चुंबकीय ग्रहणशीलता गुणिले तापमान) 8.63 यायला हवा, तुझा आलाय 9.4. थंड करताना तो वर चढतो, म्हणजे तांब्याचे आणि गॅडोलिनियमचे स्पिन (इलेक्ट्रॉनांची इवली चुंबकं) एकाच दिशेला वळतायत. या जोडीत 1985 पासून बहुधा हेच दिसत आलंय, त्यामुळे तेवढं ठीक. पण गणिताची रेषा मोजमापावर फिट बसावी म्हणून सगळ्या धातूंचा जी (स्पिनची चुंबकीय ताकद सांगणारा आकडा) 2.08 वर नेलास आणि मला विचारतेस, चालेल ना? तांब्याला चालतो गं. गॅडोलिनियमला नाही, आणि त्या 8.63 मधले 7.88 एकट्या गॅडोलिनियमचे आहेत.

तू तोललंस काय, ते आधी सांग.

क्ष-किरणांसाठी स्फटिक मदर लिकरमधून (तो ज्या द्रावणात वाढला त्यातून) उचललास, तेलात घातलास, 100 केल्विनला धरलास. स्फटिकाच्या जाळीत सॉल्व्हंटचे, म्हणजे मेथॅनॉलचे, तीन रेणू दिसले, रेणुभार 1200 लिहिलास. स्क्विडला (चुंबकत्व मोजायच्या यंत्राला) मात्र गेली ती रात्रभर व्हॅक्यूममध्ये सुकवलेली पावडर! तीन मेथॅनॉलचे 96 वजा कर, 1104 उरतात. रेणुभार जास्त धरलास की मोल कमी भरतात आणि काय-टी फुगतो. 1200 ला 1104 ने भाग, त्याने 8.63 ला गुण. आले ना 9.4 च्या जवळ?

हा अजून नुसता संशय आहे, पुरावा नाही. म्हणून पुन्हा विचारतो, तोललंस काय?

जाळीतल्या सॉल्व्हंटला क्षुल्लक समजू नकोस. बारा मँगनीजचा तो प्रसिद्ध क्लस्टर (तुझ्या रेणूसारखे दोन धातू नाहीत, एकच, पण ऐक) लिस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1980 मध्ये बनवला; त्याचा एकेक रेणू चुंबकासारखा वागतो हे 1993 मध्ये पुढे आलं. त्याच्या जाळीतलं ॲसिटिक आम्ल एकाही धातूला धरून नाही, तरी ते अस्ताव्यस्त बसल्याने रेणूची सममिती मोडते आणि टनेलिंगवर (चुंबकाची दिशा ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार उलटण्यावर) परिणाम होतो.

माझ्या पीएचडीत स्क्विडची पाळी दुसऱ्या शहरात, तीन-तीन महिन्यांनी. मे महिन्यात नमुन्याची व्हायल (छोटी काचेची बाटली) खिशात घालून रात्रीची गाडी पकडली. सकाळी स्फटिकांची चमक गेलेली, दुधाळ झालेले. मला दिसलं होतं. तरी कागदावरचाच रेणुभार धरला, जी वाढवला, पेपर छापून आला. कुणी हटकलं नाही. पाळी सोडली असती तर थेट पावसाळ्यानंतर, फेलोशिप संपत आलेली, घरी पैसे पाठवायचे होते... असो. ही सबब मी इतकी वर्षं स्वतःला देतोय, तुला देणार नाही.

तुझी स्क्विडला गेली त्याच व्हायलमधली पावडर टीजीएला (तापवत तापवत वजन मोजायच्या यंत्राला) लाव. ताज्या स्फटिकांचं वजन 8 टक्के उतरायला हवं. तुझ्या पावडरचं उतरलं नाही, तर मेथॅनॉल आधीच उडालंय. सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण) आणि पावडर एक्सआरडी (पावडरवरची क्ष-किरण चाचणी) सुद्धा त्याच व्हायलमधून, 'तशाच दुसऱ्या बॅच'मधून नव्हे. तोवर गॅडोलिनियमचा जी 2.00 वरून हलवायचा नाही. गाइडना घाई असेल तर हे पत्र दाखव.

आणि पावडर भरताना स्टीलचा स्पॅच्युला तर वापरला नाहीस ना? त्याचे कणही चुंबकीय असतात.