तिसरी-चौथीची चित्रकला: आधी ते दोन डोंगर घालवा

ताई, तिसरी-चौथीच्या पोरांना चित्रकला शिकवायची कशी, हा तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण 20 वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरातच मी हेच विचारत फिरत होतो. 42 पोरं, 35 मिनिटांचा तास, तुम्हाला स्वतःला धड माणूस काढता येत नाही, आणि मनाला येईल ते काढा म्हटलं की अख्खा वर्ग दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली नदी आणि कडेला झोपडी काढून मोकळा होतो. बरोबर ना?

पहिलं म्हणजे तुम्हाला चित्र काढता येत नाही ही अडचण नाहीच, उलट बरंय म्हणायचं. मला काढता यायचं हाच माझा घोळ झाला. पहिल्या वर्षी फळ्यावर रंगीत खडूनं झोकात पोपट काढला, पोरं खूष, हेडसर खूष, आणि तास संपताना 40 पोपट जमा झाले, सगळे डावीकडं बघणारे, सगळ्यांच्या चोचीत तीच एक मिरची. पुढच्या आठवड्यात म्हटलं कोंबडी काढा, तर एकाला येईना, ज्यांच्या दारात रोज आठ-दहा कोंबड्या फिरतात त्यांना पण नाही. "सर तुम्ही काढा की आधी." तेव्हापासून फळ्यावर चित्र काढणं बंद केलं.

ते दोन डोंगर पण तसलेच, कुणीतरी मोठ्यानं शिकवलेले. पाऊस उघडला आणि हवा स्वच्छ झाली की पोरांना शाळेच्या गच्चीवर न्या आणि वायव्येला पन्हाळा दाखवा, वीसेक किलोमीटर तर आहे. त्रिकोण दिसतोय का विचारा. पन्हाळ्याचा माथा टेबलासारखा सपाट, जोतिबाचा डोंगर निमुळता होत जातो पण त्याचं पण टोक कापल्यागत. लाव्हाचे थर एकावर एक बसून आपला सह्याद्री झालाय म्हणून हे असं, एवढं सांगितलं की भूगोल पण उरकतो. आणि सूर्य त्या बाजूला मावळतो हो, उगवत नाही! माझ्या वर्गातला एक जण हे कळल्यावर कितीतरी वेळ गप्प उभा होता आणि मग म्हणाला, "म्हंजे सर, आमचं समद्यांचं चित्र खोटं हाय." त्या दिवशी कागदावर पहिल्यांदा सपाट डोंगर आले, पाण्याच्या टाक्या आल्या, मोबाईलचे टॉवर आले, वाळत घातलेली गोधडी आली.

आता गच्चीवर रोज कोण नेणार, तर वर्गात प्रश्न विचारायचे. "म्हैस काढा" म्हणू नका, "काल संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला कोण गेलतं?" म्हणा, तिथं म्हशीची धार समोर काढून ग्लासात देतात. दहा हात वर येतात. मग म्हशीची शिंगं कुठं वळलेली, धार काढणारा बसतो कसा, चरवी कुठं धरतो, ग्लासात फेस किती येतो, गर्दीत तुझं डोकं कुणाच्या कमरेला लागत होतं, असं दहा मिनिटं नुसतं बोलत ठेवायचं आणि मग कागद वाटायचे. एका पोरीनं काढलेली म्हैस माझ्याकडं अजून आहे, कास अख्ख्या म्हशीपेक्षा मोठी, चारही पाय एका लायनीत, आणि पोटात दूध दिसतंय, भरलेल्या टाकीसारखं.

हे चुकलं म्हणून लाल पेन चालवू नका. या वयात पोरं दिसतं ते काढत नाहीत, माहीत असतं ते काढतात, आणि जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं काढतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून कलाशिक्षणातला एक मोठा माणूस होऊन गेला, त्यानं 1947 मधे वयाप्रमाणं टप्पे मांडले. साधारण 7 ते 9 मधे पोरं कागदाच्या खाली जमिनीची एक रेघ मारतात आणि सगळं त्या रेघेवर उभं करतात, घराच्या भिंतीतनं आतली माणसं दिसतात. नऊच्या पुढं खरं दिसायला पाहिजे ही हौस सुरू होते. टप्पे काय कॅलेंडरसारखे पाळले जात नाहीत, पण तुमची गोची इथंच आहे, तिसरीतलं पोरगं बिनधास्त काढतं आणि तेच चौथीत गेलं की शेजाऱ्याच्या कागदात डोकावून "मला येत नाही" म्हणायला लागतं. त्या वेळी हात धरून काढून दिलंत तर ते कायमचं गेलं. त्याला वस्तू हातात द्या, स्वतःची चप्पल काढून बाकावर ठेवायला सांगा, अंगठा कुठं जातो, शिवण कुठनं कुठं गेलीय, टाच कुठं झिजलीय बघ म्हणावं. आपल्या गावात चप्पल काढायला लाजायचं काय कारण नाही.

आणि खोडरबर बंद. माझ्या वर्गात तासाला सगळी रबरं डब्यात जमा व्हायची. पहिल्या दिवशी रडारड होते, चौथ्या दिवशी कुणी आठवण पण काढत नाही.

सामानाचं फार टेन्शन घेऊ नका. छापखान्यात कटिंगचे उरलेले कागद मिळतात. रंगाची बारा बाटल्यांची पेटी सांगू नका पालकांना, पोस्टर कलरच्या लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढ्या चार मोठ्या बाटल्या वर्गासाठी घ्या, काळा घेऊच नका, घेतला की सगळीकडं तोच फासतात. अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे कापून पाच पोरांत एक तुकडा. मग एक दिवस म्हणायचं, आज तांबड्या रश्श्याचा रंग करायचा. नुसता लाल लावला की पोरंच भांडतात, "हे कुंकू झालं, रस्सा न्हवं." मग कोण पिवळा टाकतंय, कोण निळ्याचा एक टिपका टाकून तपकिरीकडं नेतंय, वरच्या तर्रीला वेगळा आणि खालच्याला वेगळा. पुढच्या तासाला पावसाळ्यातली पंचगंगा द्या. वर्षभर नदी निळी रंगवणारी पोरं गढूळ पाणी करायला बसली की मजा बघा. हे दोन तास झाले की रंगचक्राचा तक्ता भिंतीवर लावायची गरज राहत नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना कुणीतरी सल्ला दिलाय की आत्तापासनं एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी करून घ्या. अहो ती ग्रेड परीक्षा हायस्कूलच्या पोरांची, नावात एलिमेंटरी आहे म्हणून प्राथमिकची होत नाही. तिसरीच्या पोराला पट्टीनं संकल्पचित्राच्या चौकटी आखायला लावून काय मिळणार?

त्यापेक्षा एकदा टाउन हॉल म्युझियमला न्या. आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत तिथं, हा माणूस मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून परत इथंच आला आणि कोटीतीर्थ तळ्याच्या काठावर बसून पाणी, झाडं, उजेड रंगवत राहिला, 1931 साली गेला. पण गाईडसारखी माहिती सांगत हॉलभर फिरवू नका, पोरं कंटाळतात. एकाच चित्रासमोर बसवा आणि विचारा, हे सकाळचं की संध्याकाळचं, कशावरनं?

राहिलं मातीचं. बेंदराच्या, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आधी बैल करायला घ्या, शाहूपुरीत नाहीतर गंगावेशीत कुंभार गल्लीत माती मिळते. इथं मी चांगलाच आपटलोय. पहिल्या वेळी पोरांना पाय वेगळे करून चिकटवायला सांगितले आणि वर्ग आवरायच्या गडबडीत बैल उन्हात वाळत ठेवले, दुसऱ्या दिवशी सगळे बैल बसलेले, पाय बाजूला. वरचं आधी सुकतं, आतलं ओलं राहतं, मग तडा जातो. म्हणून एकाच गोळ्यातनं पाय ओढून काढायला शिकवा, शिंगं लावायचीच तर दोन्हीकडं काडीनं ओरखडे काढून मधे मातीचा पातळ लगदा लावा, आणि सावलीत, वर ओलं फडकं टाकून दोन-तीन दिवस सावकाश वाळू द्या. पाय जाडजूडच ठेवायला सांगा, बैल हत्तीसारखा दिसला तरी चालतंय. आणि पोरांचे हात धुवायला बादली वर्गाबाहेर ठेवा, नळावर पाठवू नका, मोरी तुंबली की शिपाईमामा वर्षभर तुमच्याशी बोलणार नाहीत.