वाचकांचे प्रश्न : ट्रान्सक्रिप्टवर केलेले संकलन मूळ सिक्वेन्सला पुन्हा कसे जोडावे?

प्रश्न : एका माहितीपटासाठी आम्ही तीन दीर्घ मुलाखती चित्रित केल्या. प्रत्येक मुलाखतीला दोन कॅमेरे होते आणि ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. हे सर्व सिंक करून मी प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मुलाखतीचा एक सिक्वेन्स, म्हणजे टाइमलाइनवर मांडलेली जुळणी, तयार केला, त्याची हलकी एमपी४ फाइल काढली आणि ती ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे बोलण्याच्या लिखित मजकुरावरून, संकलन करता येणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. दिग्दर्शकांनी तिथे वाक्ये निवडून, त्यांचा क्रम लावून कच्चे संकलन पूर्ण केले. त्याची एक्सएमएल फाइल (सर्व कटांची नोंद असलेली फाइल) परत आणल्यावर मात्र टाइमलाइनवरील प्रत्येक तुकडा त्या एमपी४चाच दिसतो. ‘लिंक मीडिया’च्या खिडकीत मूळ सिक्वेन्स निवडता येत नाही. शेकडो कट पुन्हा हाताने करावे लागतील काय? – एक संकलक

उत्तर : सारे संकलन नव्याने करण्याची आवश्यकता नाही. दिग्दर्शकांचे निर्णय एक्सएमएलमध्ये सुरक्षित आहेत. फक्त ते ज्या वस्तूकडे बोट दाखवतात ती बदलायची आहे.

‘लिंक मीडिया’ हा आदेश डिस्कवरील फाइलचा शोध घेतो. सिक्वेन्स ही फाइल नसून प्रोजेक्टच्या आतली रचना आहे, म्हणून तो त्या खिडकीत दिसणारच नाही. येथे रीलिंक (फाइलशी पुन्हा जोडणी) नव्हे, तर अदलाबदल करावी लागते. परत आलेल्या एक्सएमएलमधील प्रत्येक तुकड्याला मुख्यतः दोन गोष्टी ठाऊक असतात : तो कोणत्या क्लिपमधून आला, आणि त्या क्लिपच्या कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत आहे. दिग्दर्शकांनी निवडलेली वाक्ये यंत्राच्या दृष्टीने केवळ अशा आकड्यांच्या जोड्या आहेत. त्यामुळे एमपी४मधला अमुक क्षण आणि मूळ सिक्वेन्समधला तोच क्षण एकमेकांशी जुळत असतील, तर एमपी४च्या जागी सिक्वेन्स ठेवता येतो.

म्हणून पहिले काम मोजणीचे आहे, आणि त्यात घाई करू नये. मुलाखतीच्या आरंभाजवळचा, मधला आणि शेवटचा असे तीन कट निवडून प्रत्येक शब्द एमपी४मध्ये आणि मूळ सिक्वेन्समध्ये कोठे येतो हे फ्रेमपर्यंत पडताळून पाहावे. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला, तर दोन्हींचे घड्याळ वेगवेगळ्या आकड्यापासून सुरू झाले आहे, किंवा एक्स्पोर्ट करताना सिक्वेन्सवर इन-आउट (आरंभ-शेवटाच्या) खुणा राहून गेल्यामुळे फाइल मधूनच सुरू झाली आहे. फरक बरोबर एक तासाचा असेल तर कारण बहुधा सुरुवातीच्या टाइमकोडमध्ये, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम दाखवणाऱ्या आकड्यात, सापडते. काही सॉफ्टवेअर ००:००:००:०० पासून मोजतात, तर दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन मुळातच ०१:००:००:०० पासून सुरू होते. असा एकसारखा फरक सिक्वेन्सचा आरंभीचा टाइमकोड बदलून किंवा सर्व तुकडे तेवढ्याच फ्रेमनी आतल्या आत सरकवून, म्हणजे स्लिप करून, दूर होतो.

फरक हळूहळू वाढत जात असेल तर दोष फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम या आकड्याचा, आहे. २४ आणि २३.९७६ यांत केवळ ०.१ टक्क्याचे अंतर असले, तरी एका तासाच्या मुलाखतीत ते ३.६ सेकंदांपर्यंत पोहोचते, आणि तेवढ्या अवधीत एक संपूर्ण वाक्य निघून जाते. २९.९७च्या साहित्यात ड्रॉप-फ्रेम आणि नॉन-ड्रॉप या टाइमकोड मोजण्याच्या दोन पद्धतींची गल्लत झाली तरी तासाला जवळजवळ इतकाच फरक पडतो, कारण ड्रॉप-फ्रेम पद्धतीत दर मिनिटाला फ्रेमचे दोन क्रमांक वगळले जातात, दर दहाव्या मिनिटाला मात्र वगळले जात नाहीत, आणि असे तासाभरात १०८ क्रमांक गळतात. वगळले जातात ते क्रमांक. चित्रातील एकही फ्रेम कमी होत नाही. ही चूक स्लिप करून सुधारत नाही; एक्सएमएल योग्य फ्रेम रेटने पुन्हा काढून घ्यावी लागते.

तिसरी शक्यता सर्वांत त्रासदायक आहे. काही अंतरापर्यंत सर्व जुळते आणि पुढे एकदम उडी दिसते, तेव्हा एमपी४ काढल्यानंतर कोणीतरी मूळ सिक्वेन्समध्ये काटछाट केलेली असते. मध्येच चार सेकंदांची शांतता रिपल डिलीट केली, म्हणजे मोकळी जागा न ठेवता काढून टाकली, की तिच्यापुढील प्रत्येक शब्द चार सेकंद अलीकडे सरकतो. अशा वेळी प्रोजेक्टच्या स्वयंचलित जतन झालेल्या जुन्या प्रतींमधून एक्स्पोर्टच्या दिवसाचा सिक्वेन्स शोधून काढावा. उडी कोठे कोठे आहे हे शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी कमी श्रमाचे आहे.

मोजणी जुळल्यावर प्रत्यक्ष अदलाबदल प्रोजेक्टच्या प्रतीवर करावी. प्रीमियर प्रोमध्ये ‘रिप्लेस विथ क्लिप’ या आदेशातील ‘फ्रॉम बिन’ हा पर्याय आपल्या उपयोगाचा आहे, कारण बिनमध्ये (प्रोजेक्टमधील साहित्याच्या कप्प्यात) निवडलेली वस्तू सिक्वेन्स असली तरी तो चालतो. प्रथम एकाच तुकड्यावर प्रयोग करून तोच शब्द त्याच फ्रेमवर ऐकू येतो काय, हे तपासावे. तो जुळत असेल तर एका मुलाखतीचे सर्व तुकडे एकत्र निवडून त्यांना त्या मुलाखतीचा सिक्वेन्स द्यावा, आणि मग दुसऱ्या मुलाखतीकडे वळावे. तीनही मुलाखतींचे तुकडे टाइमलाइनवर एकमेकांत मिसळलेले असणार, म्हणून प्रत्येक एमपी४च्या तुकड्यांना आधी वेगळ्या लेबलचा रंग देऊन ठेवणे फार उपयोगी पडते. रिझॉल्व्हमध्ये काम करणाऱ्यांना मीडिया पूलमधील दुसऱ्या क्लिपशी तुकडा सक्तीने कन्फॉर्म करण्याची, म्हणजे जोडण्याची, सोय मिळते; तीही टाइमकोडवरच चालते, तेव्हा वरील मोजणी तेथेही टळत नाही.

आता टाइमलाइनवर नेस्ट केलेले सिक्वेन्स, म्हणजे एकाच क्लिपसारखे बंदिस्त सिक्वेन्स, येतील. पाहण्यासाठी आणि लांबी निश्चित करण्यासाठी ते पुरेसे आहेत, परंतु ध्वनिसंयोजकाला प्रत्येक माइकचा ट्रॅक स्वतंत्र हवा असतो आणि रंगसंस्कार करणाऱ्याला कॅमेऱ्याची मूळ फाइल. त्यासाठी टाइमलाइनच्या कोपऱ्यातील, सिक्वेन्स नेस्ट म्हणून घालायचा की सुट्या क्लिप म्हणून हे ठरवणारे बटण बंद करावे, तुकड्यावर मॅच फ्रेम (त्याच फ्रेमवर मूळ साहित्य उघडणारा आदेश) करून मूळ सिक्वेन्स सोर्स मॉनिटरमध्ये उघडावा, इन-आउट लावून तो भाग ओव्हरराइट करावा, म्हणजे तुकड्याच्या जागी घालावा. मूळ क्लिप आपापल्या ट्रॅकसह खाली उतरतात. हे काम एकेका कटचे आहे, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. म्हणून ते संकलन अंतिम झाल्यावर, उरलेल्या तुकड्यांपुरतेच करावे. कच्च्या संकलनातील निम्मे कट तोपर्यंत गळून पडलेले असतात.

पुढील वेळी एमपी४ काढण्यापूर्वी सिक्वेन्सची प्रत करून तिचे ट्रॅक कुलूपबंद करावेत, पहिल्या मुलाखतीला ०१:००:००:००, दुसरीला ०२:००:००:०० असा वेगळा आरंभ द्यावा आणि तोच टाइमकोड चित्रावर छापून घ्यावा. आकडा डोळ्यांना दिसत असला, की कोणते सॉफ्टवेअर काय वाचते यावर विसंबून राहावे लागत नाही. फाइलचे नाव आणि सिक्वेन्सचे नाव एकच असावे. देवाणघेवाण एक्सएमएलऐवजी सीएमएक्स ३६०० प्रकारच्या ईडीएलने (कटांच्या जुन्या पद्धतीच्या साध्या यादीने) होणार असेल तर नाव आखूड ठेवावे, कारण त्यात रीलच्या, म्हणजे मूळ साहित्याच्या, नावाला ८ अक्षरांचीच जागा आहे आणि लांब नावे कापली गेली की तीन मुलाखतींचे नाव एकच होऊन बसते.

प्रश्न : प्रीमियर प्रोमध्येच ट्रान्सक्रिप्टवरून संकलन केले तर ही अडचण येत नाही ना? – एक विद्यार्थी

उत्तर : संकलन तिथल्या तिथे झाले तर येत नाही. प्रीमियर प्रोमध्ये २०२३ सालच्या २३.४ या आवृत्तीपासून, आणि त्याच वर्षी आलेल्या रिझॉल्व्ह १८.५मध्येही, मजकूर निवडल्यावर थेट मूळ साहित्यावरच कट पडतो. मात्र ट्रान्सक्रिप्ट मजकूर म्हणून बाहेर काढून, कोणी कागदावर वाक्यांवर खुणा करून दिल्या, तर जोडणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तेव्हा बाहेर जाणाऱ्या मजकुरात प्रत्येक परिच्छेदासमोर टाइमकोड असलाच पाहिजे, आणि तो सिक्वेन्सचा आहे की मूळ क्लिपचा हे पहिल्या ओळीत लिहिलेले असावे. शब्दांच्या सीमा यंत्राने अंदाजाने आखलेल्या असतात, त्यामुळे वाक्याचे शेवटचे व्यंजन अनेकदा कापले जाते. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना ८–१० फ्रेम जास्त ठेवून मग कानाने ऐकत ते नेमके करावेत.