तक्त्यात नसलेला रकाना

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पोचला. अकरा रकाने, दोन रंग, एका बाजूला अरुणाचलचं नामदाफा, दुसऱ्या बाजूला हिमाचलचं ग्रेट हिमालयन, दोन्ही राष्ट्रीय उद्यानं, आणि खाली प्रश्न: 'काकू, यातलं जास्त भारी कुठलं?' मेहनत घेतलीयस, मान्य. क्षेत्रफळ बरोबर आहे, नामदाफा १९८५ चौरस किलोमीटर, ग्रेट हिमालयन ७५४. नामदाफाचं रान दोनशे मीटरच्या आसपास सुरू होऊन दाफा बुम शिखराच्या ४५७१ मीटरपर्यंत चढतं, तेही टिपलंयस. ग्रेट हिमालयनपुढे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीचं २०१४ साल आहे. पण मी शोधत होते तो रकाना कुठेच सापडला नाही. रिकामे दिवस किती?

रजा नऊ दिवसांची, हे पत्रात ओझरतं आलंय. आता मोज. दिब्रुगढला उतरून मियाओ गाठायचं, एक दिवस गेला. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर देबान, उद्यानातलं मुक्कामाचं ठिकाण, रस्ता असेल तसा. येताना तेवढंच. घर ते दिब्रुगढ आणि परत, ते वेगळंच. आणि देबानला पोचलास म्हणजे रानात शिरलास असं नाही. चालायच्या वाटा नोआ-दिहिंगच्या पलीकडे, आणि नदी ओलांडायची ती होडीने.

मी गेले होते फेब्रुवारीत, कोरडा हंगाम बघून. माझाही तक्ता होता, वहीत आखलेला. पोचले त्या रात्री पाऊस लागला तो तीन दिवस. नदी गढूळ झाली, होडी काठावर पालथी. करायला काही नाही, म्हणून मी पाण्याच्या कडेला रोज सकाळी एक दगड ठेवायची. पहिला बुडाला, दुसरा बुडाला. तिसरा संध्याकाळी कोरडा दिसला. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि पलीकडच्या झाडांतून हुलॉक गिबन या वानरांची जोडी ओरडायला लागली. एकाचा आवाज चढला की दुसरा त्यात मिसळायचा, मग दोघं एकदम. होडीवाला म्हणाला, उद्या सोडतो. माझं विमान उद्याचंच होतं.

निघाले. तेव्हा तिकीट फुकट घालवण्याइतके पैसे नव्हते, नोकरी नवी होती, रजा वाढवून मागायची सोय नव्हती. तुझ्या वयाची माणसं म्हणतात, मी असते तर राहिले असते. म्हणोत. मी निघाले ते त्या परिस्थितीत बरोबरच होतं. चूक देबानला झालीच नाही, ती घरी वही आखताना झाली. सगळे दिवस भरून टाकले होते मी. म्हणून तुझे अकरा रकाने बघून माझं डोकं फिरलं, राग मानू नकोस.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: तीन दिवस राखीव, आणि त्या दिवसांपुढे काहीही लिहायचं नाही. बरोबरचे लोक वैतागतात. एक मैत्रीण म्हणाली, हे दिवस तू वाया घालवायलाच आणतेस. बरं, आणते. तीर्थनच्या खोऱ्यात, म्हणजे ग्रेट हिमालयनच्याच बाजूला, याच दिवसांनी मला जुजुराणा हा दुर्मीळ रानपक्षी ऐकवला. उद्यानात गाडीचा रस्ता नाही, गुशैणी गावाकडून गेलास तर उद्यानाची हद्द गाठायलाच पायपीट आहे, मग रोल्लाचा मुक्काम, तिथून शिल्टची खडी चढण. ठरलेले दोन्ही दिवस धुक्यात गेले. तिसऱ्या, राखीव दिवशी पहाटे खालच्या झाडीतून हरवलेल्या करडासारखी ओरड आली. थांबून थांबून, दहा-पंधरा वेळा. पक्षी दिसला नाही. 'दिसण्याची खात्री' या तुझ्या रकान्यात हे कुठे बसवशील? (तो रकाना खोडच. वाघाची खात्री हवी असेल तर जीपवाली जंगलं आहेत. नामदाफात आजवर फक्त १९८१ साली मिळालेल्या एकाच नमुन्यावरून माहीत असलेली उडती खार आहे. तिथे खात्रीची भाषा करू नये.)

मला कळतंय तुझं मन कुठे आहे. ग्रेट हिमालयनवर चार ओळी आणि नामदाफावर दीड पान लिहिणाऱ्याने सल्ला कशाला विचारावा? पण नऊ दिवसांत नामदाफा नाही. नाही म्हणजे नाही. चौदा जमव, डिसेंबर-जानेवारीत जा, अरुणाचलात शिरायला लागणारं इनर लाइन परमिट आधी काढ, आणि चौदातले तीन माझे. पावसाळ्याच्या तोंडावर गेलास तर जळवांबद्दल मला पत्र लिहू नकोस. हे नऊ दिवस तीर्थनला दे, एप्रिलच्या शेवटी, जुजुराणा तेव्हा ओरडतो. त्यातलेही तीन रिकामे. दोन नाहीत. तू घासाघीस करणार, म्हणून आत्ताच सांगते.

'नऊ दिवसांत दोन्ही, धावत-पळत' हा तुझ्या तळटीपेतला पर्याय मी वाचलेला नाही असं समज.

नवा तक्ता पाठव, तिकिटं काढायच्या आधी. आणि कधी ना कधी नामदाफाला पोचून नदीपलीकडे उतरलास, तर मागे वळून बघ. तिकडून देबानच्या विश्रामगृहाची पायरी दिसते का, तेवढं मला कळव. मी फक्त इकडूनच बघितलंय.

तुझी,
काकू